चार ठोके नुसता बेस

३ मार्च
संपादकांनी दादाचा मृत्युलेख मागितला! दादा शेजारच्या खोलीत चहात टोस्ट बुडवतोय. "तयार असलेला बरा," म्हणाले — बिचारे अवघडले होते. डॉक्टर आता महिन्यांच्या भाषेत बोलतात, ते त्यांच्याही कानावर गेलंय. पस्तीस वर्षं मीच इतरांचे लेख असे आगाऊ लिहून ठेवले. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

४ मार्च
लिहायला बसले आणि मागची खोली आठवली. भिंतींना गाद्या टेकवून दादा गिटार बडवायचा. मोडक्या रेडिओचा स्पीकर, त्याची ती फाटकी गुरगुर — पुढे त्याच आवाजावर एक पिढी वेडी झाली. बाबा दारावर थाप मारायचे, "भिंत पाडतोस का रे?" आतून बेस गिटार वाजवणारा ढोल्या ओरडायचा — तेव्हा नुसती काडी होता! — "काका, दोनच मिनिटं, पडतच आलीये!"

६ मार्च
दादाला लेख सापडला. चष्मा लावून सावकाश वाचला. "धाकटे, बरा मेलोय की मी!"

मग एका ओळीवर बोट ठेवलं. पहिल्या रेकॉर्डमधली ती जागा. गिटार ऐन भरात असताना एकदम गप्प होते, चार ठोके नुसता बेस. गिटार शिकणारी पोरं अजूनही तिथे तारांवरून हात उचलतात. मी लिहिलं होतं, 'थांबण्याचं धाडस'.

"कसलं धाडस! तार तुटली होती. मी तोंड वासून उभा. ढोल्याने एक सूर धरून ठेवला म्हणून सावरलो. स्टुडिओची वेळ संपत आलेली, पुन्हा वाजवायची सोय नव्हती."

कौतुक मात्र दादाने घेतलं. ढोल्या वर्षभरात बँड सोडून गेला. त्याच रागाने, असं दादा आजवर धरून चाललाय. चाळीस वर्षं बोलणं नाही.

"हे लिही. मी गेल्यावर छाप."

९ मार्च
ढोल्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. आता खरंच ढोल्या! हात तेलकट. सगळं ऐकलं, स्क्रू पिळत राहिला.

"नको लिहूस, धाकटे. झाकली मूठ झाकलेलीच बरी."

"अरे, पण श्रेय तुझं आहे!"

"नकोय म्हटलं ना!" केवढ्याने ओरडला. मग स्वतःच ओशाळला, मला खुर्ची पुसून दिली.

काय मोठं मन!

१० मार्च
दादाचा चेहरा पडला. "म्हणजे अजून रागावलाय." मग — "मेल्यावर कबूल करायला काय लागतं गं? शनिवारी सत्कार आहे. तिथेच सांगतो. त्याला ये म्हणावं."

१५ मार्च
दादाने सगळं सांगितलं. शेवटच्या रांगेत ढोल्या उठला.

"अरे, नवी तार आणायला मला सांगितलं होतंस. मी विसरलो. जुनीच पुसून नवी म्हणून लावली."