चाळीस बिनरंगी वाट्या

तांता, बुधवार

प्रिय रतीबा,

आमच्या नाताळाला तू पाठवलेलं लोण्यात थबथबलेलं फेतीर पोचलं. डॉक्टरांनी माझं लोणी बंद केलंय हे ठाऊक असून तू पाठवलंस आणि मीही ठाऊक असून खाल्लं, म्हणजे दोघी सारख्याच. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सोमवारी आणि बुधवारी प्रयोगशाळेत जाऊन नव्या मुलींना शिकवते. त्यांना यंत्रावरचे आकडे वाचता येतात, वाटीतला रंग वाचता येत नाही. तो मी शिकवते.

परवा त्यांना आपली जुनी चाचणी समजावत होते. बिल्हार्झियाचा किडा कालव्याच्या पाण्यातून माणसाच्या अंगात शिरतो; त्याच्या अंगावर पातळ पडदा असतो, त्या पडद्यात एक एन्झाइम असतं. आजारी माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं त्या एन्झाइमला घट्ट धरतात. मग वरून त्याचं खाद्य घातलं की ते कामाला लागतं आणि वाटी पिवळी होते; निरोगी रक्त असेल तर वाटी बिनरंगीच राहते. किडा आपली चहाडी आपणच करतो. हे वाक्य तुझं. पंचवीस वर्षं मी ते माझं म्हणून खपवलं.

तुझ्या गावचे ते चाळीस नमुने मला अजून दिसतात. वाट्यांच्या नव्या पट्ट्या आल्या नव्हत्या, चार उरल्या होत्या. त्या खात्रीच्या, म्हणजे आजार आधीच ठरलेल्या नमुन्यांसाठी ठेवल्या आणि गावाचं रक्त धुतलेल्या जुन्या पट्ट्यांवर घातलं. खात्रीच्या वाट्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या, गावाच्या चाळीसच्या चाळीस पाण्यासारख्या राहिल्या. मी तर टाळ्याच पिटल्या! अहवालावर तिथल्या तिथे सही केली. शनिवारी तो कैरोला गेला असता, आणि गोळ्यांची गाडी त्या वर्षी तुझ्या गावाकडे वळलीच नसती.

तू हात कमरेवर ठेवून म्हणालीस, ‘एकही नाही? कालव्यात अख्खं गाव बुचकळतंय, आणि एकही नाही? मग आमच्या रमदानचं पोट काय ईदची कहक बिस्किटं खाऊन फुगलंय?’ मी म्हटलं, ‘रतीबा, भावाच्या मायेनं चाचणी बदलत नाही.’ तू म्हणालीस, ‘आणि सिस्टरांच्या शाळेत शिकल्यानं माणूस शहाणं होत नाही, बाई.’ शुक्रवारची सुट्टी असूनही दुपारी मला घरातून ओढून आणलंस. शेवटची नवी पट्टी फोडलीस, रमदानचं रक्त घातलंस. मी घड्याळ पाहत होते, तू वाटी. पंधराव्या मिनिटाला तू पट्टी माझ्या नाकासमोर धरलीस. पिवळीधमक.

दोष साबणाचा होता. धुण्याच्या पावडरीतला फॉस्फेट पट्ट्यांना चिकटला होता, आणि फॉस्फेट असला की ते एन्झाइम मुकं होतं. एरवी धुणं तुझ्याकडे, तू साध्या पाण्यानं खळबळत असायचीस. मला ते घाणेरडं वाटायचं. शाळेत सिस्टर क्लोतिल्द आमच्या नखांखाली सुई फिरवून मळ शोधायच्या. मी तिथे घडलेली. त्या पट्ट्या पावडरीनं मीच धुतल्या, एकदा नाही, तीनदा. अहवाल मागे घेतला, गोळ्या गावात पोचल्या. पण आमचे साहेब डॉक्टर फहीम यांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘कुणी धुतल्या?’ मी खाली पाहिलं. तू म्हणालीस, ‘मी.’ महिनाअखेर नोकरी जाऊन तू घरी बसलीस आणि वर्षभरात मी विभागप्रमुख झाले. तू मला एकदाही टोमणा मारला नाहीस. तू, जी सगळ्या जगाला टोमणे मारतेस!

आता जे सांगायचं ते. पट्टीला साबण राहिला, की आमच्याकडे त्याला ‘रतीबाची धुलाई’ म्हणतात. इतकी वर्षं म्हणतात, आणि मी ऐकत आले. सोमवारी एक मुलगी नव्या मुलीवर ओरडली, ‘ए, रतीबाची धुलाई नको हं!’ सगळ्या हसल्या, नवी तेवढी हसली नाही. विचारलं तर हळूच म्हणाली, ‘मादाम, रतीबा माझी आजी.’ वशिला नको म्हणून तू शाहेन्दाला गप्प राहायला बजावलं होतंस म्हणे. मी उठून उभी राहिले आणि सहाही मुलींना सांगितलं, की पट्ट्या मी धुतल्या होत्या आणि गाव तिच्या आजीनं वाचवलं होतं. आज दाराबाहेरून ऐकलं, ‘नीट खळबळ गं, नाहीतर मार्सेलची धुलाई होईल!’ मला फार बरं वाटलं. पण शाहेन्दा सांगते, रमदान अजून तुला जेवताना चिडवतो: ‘हिला साध्या वाट्या धुता आल्या नाहीत.’ त्याचं जेवण त्या वाटीमुळेच चाललंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे. घरात सगळ्यांना थांबवून ठेव, रमदानला सगळ्यांत पुढे बसव. आणि या वेळी मधे बोलायचं नाही, रतीबा. मी बोलणार आहे.

तुझीच,
मार्सेल