सुटेल असा गुंता

आबा, घरात कुत्रं घेतलेलं तुम्हाला चाललं नसतं, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. घरात म्हणजे अंगणात नाही, ओट्यावरही नाही, माझ्या खाटेखाली. कुत्र्याने उंबऱ्यावर पाय ठेवला की तुम्ही नुसतं खाकरायचात आणि ते आल्या पावली मागे जायचं, हे मी पाहिलेलं आहे. मला तसं खाकरता येत नाही. मी खाकरलो की या पिल्लाला तो खेळ वाटतो आणि ते अंगावर उडी घेतं. तांबूस आहे, एक कान उभा, एक पडलेला, पंजे अंगाच्या मानाने मोठे. तुमची नात पडघ्याला मैत्रिणीकडे गेली होती, तिथे हायवेच्या कडेला गोडाऊनसमोर ट्रकांच्या चाकांमधून ते फिरत होतं. सुताचे कोन येतात त्या खोक्यात घालून, मांडीवर घेऊन, बसने आणलं. आणलं तिने, आणि मग ती कॉलेजला गेली. पुढचं सगळं माझ्यावर आलं, कारण त्याच आठवड्यात माझा पाय मोडला.

पाय मोडला तो लूमवर, पण त्यात लूमचा दोष नाही. मशीन बंद होतं. मी खाली वाकून नट आवळला, उठलो, काम नीट झालं की नाही ते पाहायला दोन पावलं मागे सरकलो आणि तेलावरून घसरलो. तेल मीच सांडलेलं होतं. हाताखालच्या प्रत्येक माणसाला मी आजवर पहिली गोष्ट सांगत आलो ती हीच, की पान्हा उचलण्याआधी जमीन पुसा. नडगीचं हाड गेलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून डॉक्टर म्हणाले, आता जपा, पुन्हा पडलात तर आत सळई घालावी लागेल, मग खाली उकिडवं बसायचं विसरा. लूमखाली बसता न येणारा मिस्त्री म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. तुमची सून शेजारीच उभी होती. तिने ते ऐकलं आणि घरी आल्यावर पहिली नजर पिल्लाकडे टाकली.

"त्याला काय कळतंय तुमचा पाय मोडलाय ते?" ती म्हणाली. "कुबड्या घेऊन उठाल, हा पायात येईल, न् तुम्ही आडवे. मी ड्युटीवर. उचलणार कोन? माझा भाऊ येऊन दिघाशीला नेईल त्याला. शेत हाय, मोकळी जागा हाय."

तिचं चूक नव्हतं. तिला पॅकिंगच्या कामाला सकाळी जावं लागायचं. पण दिघाशीला शेतघरावर कुत्री कशी राहतात ते मला माहीत आहे. भाताच्या खळ्यापाशी खुंटा, खुंट्याला साखळी, आणि साखळीच्या टोकाइतकीच गोल झिजलेली जमीन. मी म्हटलं, मी सांभाळतो. ती म्हणाली, बघू.

आबा, ज्याला चालता येत नाही त्याने पळणाऱ्याला कसं सांभाळायचं, याचं शिक्षण कुठे मिळत नाही. मला तर कशाचंच मिळालेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी लूमला हात लावण्याच्या वयाचा नव्हतो. पुढे जे शिकलो ते उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो, आणि ते मी चारचौघांत सांगतो. तर हेही तसंच शिकायचं ठरवलं. आधी निरीक्षण. आपल्या गल्लीत चारी बाजूंनी लूम चालू असतात. त्या खडखडाटात पिल्लू निवांत झोपतं. दुपारी लाईट गेली, लूम थांबले, की त्या शांततेने दचकून उठतं, आणि मग उंबऱ्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून खाटेपर्यंत, मध्ये माझी कुबडी, तिला धडक. म्हणजे लोडशेडिंगची वेळ हीच धोक्याची वेळ. मी चेंडू फेकून पाहिला. चेंडूने ते दमत नाही, उलट जास्त चढतं, आणि चेंडू कपाटाखाली गेला की भुंकून माझ्याकडे बघतं, जणू मी उठून काढणार आहे.

मग मी चूक केली, आणि ती मिस्त्रीच करेल अशी चूक. दात शिवशिवतात म्हणून पोरीच्या चपला, खाटेचा पाय, प्लास्टरची कड, सगळं ते चावत होतं. माझ्या हत्यारांच्या पेटीत जुने पिकर होते. पिकर तुम्हाला सांगायला नको, पण लिहितोय तर पुरतं लिहितो: आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोसा देऊन पार पलीकडे पिटाळणारा ठोकळा, म्हशीच्या कातड्याचा, तेलात मुरवलेला. मला वाटलं, कातडंच आहे, झिजलेला आहे, फेकायचाच होता. दिला. पिल्लू दोन तास त्याच्याशी झटत राहिलं आणि मी माझ्या हुशारीवर खूश होऊन पेपर वाचला. संध्याकाळी त्याने तुमच्या सुनेच्या पायाशी काळपट तेल ओकलं. ते निभावलं. पण त्या दिवसापासून लूमच्या तेलाचा वास येतो ते सगळं आपलं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्या हाताखालचा कारागीर मला भेटायला आला, ओट्यावर नव्या पिकरचा जोड असलेली पिशवी ठेवली आणि पाणी प्यायला आत आला. तो परत बाहेर जाऊन बघतो तर एक पिकर अर्धा.

"मिस्त्रीजी," तो पिशवी उलटी करून म्हणाला, "आपने कुत्ता पाला है कि चूहा? अभी मैं शेठ को क्या बोलूँ, मशीन का पुर्जा कुत्ता खा गया?"

"बोलना, मिस्त्री खा गया," आतून तुमची सून म्हणाली. "घर बैठके पगला गया है." आणि त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. रविवारी ये म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेवर पडून होतो, आणि मला तुमचा कोपरा आठवला. माझा हात मोडला होता ते साल. चिंचेवरून पडलो होतो. आई शेतावर जायची, म्हणून तुम्ही मला कारखान्यात नेऊन शेवटच्या लूममागे बारदानावर बसवायचात. मी चुळबुळ करतोय, उठतोय, चालत्या पट्ट्याकडे जातोय. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या मांडीवर सुताचा एक गुंता टाकता. "हा सोडव. संध्याकाळी न्यायला येतू," एवढंच. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने आणि दाताने मी तो सोडवत बसतो. लूमचा आवाज इतका की विचारायची सोय नाही. एकदा कंटाळून मी एक गाठ दाताने तोडली, दोन टोकं लपवली. तुम्ही संध्याकाळी सूत बोटांवरून सोडत सोडत नेमके तिथेच थांबलात. ओरडला नाहीत. "कापाला कातर हाय," म्हणालात. "तुला कशाला बसवलाय?" ते मला अजून लागतं. पण पुन्हा मी कधी धागा तोडला नाही, आणि रोज एक गुंता येत राहिला, आदल्या दिवशीच्यापेक्षा थोडा अवघड.

म्हणून मी आईची जुनी साडी मागवून घेतली. सूत नाही. सुताचा तुकडा जनावराच्या पोटात गेला तर आतडं आवळतं, हे मी गुरांच्या डॉक्टरला फोन करून विचारून घेतलं. साडीच्या रुंद पट्ट्या फाडल्या, एकात एक गुंडाळल्या, मध्ये तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर सुकट. सुकटीचा वास लागला आणि पिल्लू जागच्या जागी थांबलं. पळणं बंद. पुढचे पंजे चिंधीवर, नाक आत, कान दोन्ही उभे. पहिला गुंता त्याने क्षणात फोडला. दुसऱ्याला मी एक पट्टी जास्त घातली. तिसऱ्यात गाठ इतकी घट्ट बसली की ते हरलं, कोपऱ्यात जाऊन बसलं आणि परत येईना. तेव्हा कळलं की सगळी मेख गाठीत आहे. सैल गाठ त्याला काम देत नाही, घट्ट गाठ त्याला घालवून देते. गाठ अशी हवी की ती सुटेल, पण आपल्याला सोडवावी लागली असं त्याला वाटेल. ती जमली की लाईट जाण्याआधी एक चिंधी पुरते. अर्धा तास डोकं चालवून ते असं झोपतं की लूम थांबले काय, चालले काय. मैदानभर पळूनही ते इतकं दमत नसेल.

ती तशी गाठ बांधताना माझी बोटं थांबली. आबा, मी इतकी वर्षं लूम दुरुस्त करतोय. लूमवर सूत गुंतलं की ते कसं दिसतं ते मी डोळे मिटून सांगेन. तुटलेली टोकं असतात, तेलाचे डाग असतात, दहा वेगवेगळे धागे एकमेकांत अडकलेले असतात. तुम्ही आणायचात त्या गुंत्यात एकच लांब धागा असायचा. स्वच्छ. दोन्ही टोकं आत लपवलेली. तसा गुंता कुठल्याही लूमवर होत नाही. तो कुणीतरी बसून करावा लागतो, आणि दहा तास उभं राहून आलेल्या माणसाने तो कधी केला असेल, जेवणाआधी की जेवणानंतर, ते मला आठवत नाही, कारण मी कधी पाहिलंच नाही. मी लूम स्वतः शिकलो हे वाक्य मी मागे घेत नाही. पण धाग्याचं टोक शोधण्याची नजर माझ्याकडे उपजत होती, असं मी लोकांना सांगायचो. ते आता सांगणार नाही.

रविवारपर्यंत आणखी एक गोष्ट शिकवली. कुबडी जमिनीवर दोनदा ठोकली की खाटेखाली जायचं, तिथे सुकट मिळते. हे जमलं नाही तर बाकी सगळं फुकट, कारण प्रश्न चिंधीचा नव्हता, माझ्या पडण्याचा होता. मेव्हणा आला, चहाला बसला, पिशवी पायाशी. पिल्लू त्याच्याभोवती नाचत होतं. तुमची सून मला म्हणाली, "उठा बरं. मोरीपर्यंत जाऊन दाखवा." परीक्षाच घेतली म्हणा. मी उठलो, तोल सावरला, कुबडी दोनदा ठोकली. पिल्लाने माझ्याकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं, आणि खाटेखाली गेलं. मी मोरीपर्यंत गेलो, परत आलो. वाटेत कुणी आलं नाही.

"बाय, यो तर पोलिसातला कुत्रा," मेव्हणा म्हणाला आणि पिशवीतून साखळी काढून मांडीवर ठेवली. चांगली जाड, गंजलेली.

"ही कोनाची?" तिने विचारलं.

"म्हशीच्या पाड्याची होती. कापून आखूड करू."

ती त्या साखळीकडे बघत राहिली. मग खाटेखाली वाकली. तिथून कुरतडल्याचा आवाज येत होता, कारण पिल्लू जाताना मेव्हण्याची नवी चप्पल घेऊन गेलं होतं. मला वाटलं, संपलं. ती सरळ झाली, पदर खोचला आणि भावाला म्हणाली, "चहा घे, न् साखळी परत ने. चपलेचे पैसे तुझे भाऊजी देतील."

"न् कुत्रा?"

"त्याची इथं ड्युटी हाय," ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

आता प्लास्टर निघालंय. पाय बारीक झालाय, पण धरतो. माझ्या हाताचं प्लास्टर निघालं तेव्हा आई म्हणाली होती, पोराला शाळेत धाडा. तुम्ही म्हणालात, "आजून हात धरत न्हाय त्याचा." हात चांगला धरत होता. मी त्या हाताने पाण्याची कळशी उचलायचो, तुम्ही बघत होतात. तरी पुढे कितीतरी दिवस मी त्या बारदानावर होतो आणि गुंते येत होते. तुमचा माझ्या हातावर भरवसा नाही, असं मी तेव्हा धरून चाललो होतो, आणि ते बरीच वर्षं मनात ठेवलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला काठी सोडायला आणि कामावर जायला सांगितलं. मी घरी सांगितलंय की अजून पंधरा दिवस बसायला लावलंय. तुमच्या सुनेने विश्वास ठेवला की नाही ते कळत नाही.

लाईट जायची वेळ झाली. आजच्या चिंधीत घालायला भाकरी आहे, सुकट आहे, पण भाकरीवर गुंडाळायला कागद नाही, आणि कागद असला की त्याला जास्त वेळ लागतो. हे लिहितोय तो कागद पुरेसा जाड आहे. घडी घालतो. गाठ फार घट्ट बांधणार नाही.