मडमेची किंकाळी

प्रिय नंदा,

आधी बस, पाणी पी, मग वाच. आपला पिक्चर सापडला! अगं तोच, त्या झपाटलेल्या घरात एकामागून एक चार भाडेकरू राहायला येतात आणि चारही जण मरतात तो. येत्या शनिवारी आमच्या एजवेअरच्या फिल्म क्लबात मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत आणि मी तुझंही तिकीट काढून बसले आहे. साउथहॅम्प्टनहून सरळ ट्रेनने ये, गुडघ्यांची सबब चालणार नाही. या वेळी तुझ्यावाचून माझं खरंच अडलंय.

झालं काय, रविवारी अन्वीने गंमत म्हणून टीव्हीवर लावला. पोरगी नाकापर्यंत पांघरूण ओढून बसलेली. दुसऱ्या भाडेकरूच्या गोष्टीत ती सोनेरी केसांची मडम कपाट उघडते, आतून माणसाचं मुंडकं पडतं, आणि नंदा, ती मडम चक्क ‘आई गं!’ म्हणून किंचाळते! मी सोफ्यावरून उठून नाचायचीच बाकी होते. स्वतःच्या छातीवर हात आपटून आपटून अन्वीला दाखवत होते, मी, मी! तिला वाटलं आजीला हार्ट अटॅक आला, अँब्युलन्सच बोलवायला निघाली. शेवटी तिच्या फोनवर टाइप करून समजावलं.

शूटिंगच्या त्या दिवशी तू फ्लूने हाउन्सलोला घरी पडून होतीस, म्हणून पुन्हा सांगते. मी आपल्या स्टुडिओच्या कँटीनमधून चहाची ट्रॉली घेऊन सेटवर गेले. घर बाहेरून एवढं भयाण आणि आत सगळं प्लायवूड. बिस्किटांचा डबा ठेवायला म्हणून कपाट उघडलं, तर मेणाचं मुंडकं थेट माझ्या पायावर. अशी ओरडले की शिडीवरचा दिवेवाला घाबरून खाली उतरला. आवाज रेकॉर्ड करणारा साहेब धावत आला, मला वाटलं गेली नोकरी. तर तो म्हणतो, वन मोअर टाइम, प्लीज! त्या मडमेला म्हणे धड किंचाळताच येत नव्हतं. त्यांनी मुंडकं परत कपाटात ठेवलं, पण माझी भीती पळालेली, आवाज कुठून काढू? आई गेल्याची तार येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता, जायला काही जमलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि तिला हाक मारली. तेवढ्या जिवाच्या आकांताने पुन्हा कधीच कोणाला मारली नाही गं. साहेब खूश झाला, त्याला कुठे मराठी कळत होतं!

घरात मात्र कोणी मानायला तयार नाही. अर्जुन म्हणतो, आई, सगळ्या किंकाळ्या सारख्याच असतात. सून गालातल्या गालात हसते. संजय असते तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं, जन्मभर ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. आता माझा तेव्हाचा आवाज ओळखणारी तू एकटी उरलीस.

फोन उचलत नाही म्हणून चिडली आहेस ना? उचलून बोलू कशाने? एवढे दिवस घसा बसलाय म्हणत होते, तो कॅन्सर निघाला. शनिवारनंतरच्या मंगळवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्रच काढणार आहेत. वेळेवर सापडलाय, मी मरत नाही, उगाच रडारड नको. घरी व्हिडिओ आहेत, पण ते सगळे अलीकडचे, त्यांत म्हातारीचा घोगरा आवाज. माझा खणखणीत आवाज जगात आहे तो तेवढाच, त्या परक्या बाईच्या तोंडी. म्हणून ये. अर्जुनच्या शेजारची खुर्ची तुझी. ती किंचाळली की त्याचा दंड धर आणि त्याला सांग, ही तुझी आई.

तुझीच, अजून तरी बडबडी,
शशी