आयेच्या पायातली प्लेट

प्रिय आये,

आज दिघ्याच्या वर्कशॉपात माझ्यासोबत काम करणाऱ्या नामदेवने ॲसिडमधून निघालेली, मोडलं हाड जोडायची एक प्लेट माझ्यासमोर धरली. "माझ्या बापाच्या मांडीत बसणार आहे रे. जरा जास्तीचा बफ मार, चकाचक कर." मी मशीनच बंद केलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मशीनशेजारी बसून तुला लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण आता तरी ऐकून घे.

दिवाळे गावच्या धक्क्यावर, डोक्यावर मासळीची पाटी असताना तू घसरलीस आणि पायाच्या नळीचं हाड मोडलं. प्लेट घालायचं ठरल्यावर मीच ऐटीत डॉक्टरांना म्हणालो, आमच्याकडचीच घ्या. तू तर वॉर्डभर सांगत सुटलीस, "माज्या पोराच्या हातची हाय, मना काय व्हनार नाय." कशाला एवढा विश्वास टाकलास ग?

आमच्याकडे प्लेट आधी घासतात, मग ॲसिडच्या टाकीत बुडवतात. त्यानं स्टीलवर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो, तोच गंज अडवतो. त्यानंतर बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, लावायचा नाही, हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण टाकीतून निघालेली तुझी प्लेट मला फिकी वाटली. आपल्या आयेला अशी द्यायची? मिस्त्री जेवायला गेल्यावर मी पुन्हा बफ फिरवला. तोंड दिसेल इतकी चमकली. तो थर मीच खरवडून काढला, आये.

पाय सुजला, पू झाला. वर तूच मला धीर द्यायचीस, तेव्हा तुझा रागही यायचा. प्लेट काढली तर स्क्रूंच्या भोकांशी गंज. तिथूनच सडायला लागलं असावं, डॉक्टर म्हणाले. शेवटचं काम कोणी केलं, असंही त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. तोवर विष रक्तात भिनलं होतं. आठवड्यात तू गेलीस.

बाबा अजून धक्क्यावर सांगतात, पोरानं आपल्या हातानं प्लेट केलेली, पण तिचं नशीबच खोटं. मी ऐकून घेतो. तुझ्या नशिबावर ढकललं की मी मोकळा!

नामदेवला आज सगळं सांगितलं. त्यानं प्लेट उचलून, तशीच फिकी, पॅकिंगला नेऊन ठेवली.

रविवारी गावाला येतो. धक्क्यावर, चारचौघांत बाबांना सांगणार की तिचं नशीब खोटं नव्हतं, हात माझा चुकला. मग त्यांनी मला घरात घेतलं नाही तरी चालेल. हा शब्द मोडणार नाही.

ज्याच्या हातावर तू भरवसा ठेवलास तो,
जनू