एकेचाळीस दिवसांचा पारा

पिंप्राळा, जळगाव
बुधवार, दुपार

प्रिय डिंपल,

तू धुळ्याला पोचलीस, खोलीवर पाणी आलेलं होतं आणि आजीनं दिलेलं कळण्याचं पीठ एस.टी.त सांडलं नाही, एवढं सगळं तुझ्या दोन ओळींच्या मेसेजवरून कळलं. बरं वाटलं. मी मात्र रविवार दुपारपासून ठिकाणावर नाही. शेजारच्या ममताताईंकडून यंत्र आणून आजीनं दोनदा माझा रक्तदाब मोजला. यंत्र म्हणतं सगळं ठीक आहे, आजी म्हणते यंत्र बिघडलंय. सोमवारपासून तुला तीनदा फोन केला. एकदा लोणच्याला किती मोहरी लागते ते विचारलं, एकदा तुझ्या कॉलेजला सुट्टी कधी ते विचारलं, आणि तिसऱ्यांदा तू स्वतःच म्हणालीस, आबा, खरं काय ते सांगा, तर मी म्हणालो की काही नाही, सहज. सहज नव्हतं. तोंडानं जे निघत नाही ते कागदावर निघतं, ही माझी जन्माची सवय, म्हणून हे पत्र. समोरच्या जगदीशची उद्या धुळ्याच्या कोर्टात तारीख आहे. तुझ्याच हातात द्यायचं, शिपायाकडे ठेवायचं नाही, असं त्याला बजावलंय.

रविवारी दुपारी मी जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. तुझं ते उन्हाच्या अंदाजाचं काम पुण्याच्या त्या मोठ्या संगणककेंद्रात चालतं, हे मला ठाऊक होतं. काम चिठ्ठीसारखं लिहून पाठवायचं, ते रांगेत लागतं, त्याला नंबर मिळतो, आणि पाळी आली की तिथल्या शेकडो यंत्रांपैकी एखादं रिकामं यंत्र ते उचलतं, हे तू दिवाळीतच समजावलं होतंस. मी आपलं मनात धरून बसलो होतो की हे दहावीच्या पेपरांसारखं. गठ्ठा बांधला, लाख लावली, बोर्डाकडे गेला. आता निकाल लागेपर्यंत कुणी विचारायचं नाही. पण रविवारी जेवणं झाल्यावर तू सरबताचे पेले बाजूला सारलेस आणि म्हणालीस की काम चौथ्या दिवशीही संपत नाहीये, कुठे अडकलंय की काय, आत जाऊन बघते. मला वाटलं गंमत करतेयस. तू कामाचा नंबर टाकलास, पलीकडच्या यंत्रानं तुझी ओळख तपासली, आणि त्या काळ्या खिडकीत एक ओळ उमटली. तू म्हणालीस, आबा, आता आपण पुण्यात आहोत, काम ज्या यंत्रावर चाललंय त्याच्या आत. मी विचारलं, आपण आत शिरलो म्हणून काम थांबलं नाही ना? तू हसलीस. म्हणालीस, त्याला आपला अडथळा नाही, ते त्याचं करत राहतं, आपण फक्त शेजारी बसून बघायचं. ज्यानं काम टाकलं त्यालाच हे दार उघडतं, बाकी कुणाला नाही, आणि काम संपलं की दार आपोआप बंद होतं. डिंपल, चाळीस वर्षं मी पेपर तपासले. पेपर तपासत असलेल्या माणसाच्या खांद्यावरून त्याची वही बघता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ओळी सरकू लागल्या. शाळेचं नाव, वर्ष, महिना, तारीख, पारा. जामनेर तालुक्यातली आपली शाळा त्या काळ्या पडद्यावर आली तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. केळी बागायतदारांच्या संस्थेनं सात शाळांच्या पटांगणात त्या पांढऱ्या पेट्या बसवल्या, तेव्हा मी ऐन पस्तिशीत होतो. झडपांच्या चार पायांच्या पेट्या, आत उष्णतामापक. संध्याकाळी पाच वाजता जायचं, दिवसभरात पारा जिथवर चढला तो आकडा निळ्या वहीत टिपायचा. सातवीचा वर्ग पाठीमागे रांगेत, शेवटच्या तासाची कविता चालीवर म्हणत. कधी कधी कडवं संपेपर्यंत मी पेटी उघडतच नसे. पोरांना वाटायचं, गुरुजी पाऱ्याला कविता ऐकवतात. त्या वह्या तू दिवाळीच्या सुट्टीत पाठ दुखेपर्यंत बसून यंत्रात भरल्यास. माझ्या हातचे आकडे पुण्यात धावताहेत आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून ते बघतोय, याचा मला अभिमान वाटला. साधारण दोन मिनिटं वाटला.

त्यानंतर चौऱ्याण्णवचा मे आला. तू खुर्ची पुढे ओढलीस. म्हणालीस, आबा, हे बघा, काम अडकलेलं नाही, उलट इथे छान चाललंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकी पाच शाळांच्या वह्या कोऱ्या, नोंद फक्त दोन ठिकाणची, तुमची आणि नशिराबादची. तुमचा आकडा किती सुरेख चढतो, दर आठ दिवसांनी जरासा उतरतो आणि पुन्हा चढतो, एकही टोक बाहेर नाही. म्हणून प्रोग्रॅमनं तुमची वही खरी धरलीय आणि तिच्यावरून नशिराबादच्या पेटीचा दोष काढलाय. त्या ओळीशेजारी लिहिलं होतं, नशिराबाद, वजा अडीच. का, तर त्या पेटीला अडीच अंश जास्त दाखवायची खोड आहे. म्हणजे नशिराबादची सगळीच्या सगळी अकरा वर्षं अडीच अंशांनी खाली ओढायची. आणि मग तू अगदी सहज विचारलंस, हे नशिराबादवाले कोण होते हो, अकरा वर्षं चुकत राहिले.

मी म्हणालो, होता एक शिपाई.

एवढं म्हणून मी चहा टाकायला उठलो. दुपारचे तीन वाजले होते आणि आपल्या घरात तीनला चहा कुणी पीत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. गॅसवर पातेलं ठेवलं. आतून तुझा आवाज येत होता. तू आजीला सांगत होतीस की शनिवारी काम संपेल, सोमवारी अहवाल द्यायचा, आणि यंदाच्या उन्हाळ्यापासून बागायतदारांना आधीच सांगता येईल, कोणत्या दिवशी ऊन किती चढणार, घड कधी झाकायचे, पाणी कधी सोडायचं. आजीनं विचारलं, आणि तुझं यंत्र कमी सांगून बसलं तर? तू म्हणालीस, तर बागा भाजतील, आजी, म्हणून तर एवढं तपासतेय.

त्या शिपायाचं नाव पुना. चौथी पास, कानात बाळी, बोलताना मान खाली. नशिराबादच्या शाळेत घंटा वाजवायचा आणि पेटी बघायचा. त्याचे आकडे वेडेवाकडे असत. एका दिवशी त्रेचाळीस, दुसऱ्या दिवशी एकदम सेहेचाळीस, मग पुन्हा खाली. चौऱ्याण्णवच्या जूनअखेर जळगावात संस्थेची बैठक होती. संस्थेचं काम बघणाऱ्या बन्सीलाल भाऊंनी टेबलावर दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकोणीस मे. माझ्या वहीत चव्वेचाळीस पूर्णांक आठ, पुनाच्या वहीत सत्तेचाळीस पूर्णांक चार. कुणीतरी म्हणालं, काय रे पुना, चुलीवर ठेवून बघितलास का पारा? सगळे हसले. बन्सीलाल भाऊ मात्र हसले नाहीत. मोठे सरळ गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, गुरुजी, तुम्ही जाणते, तुमचं काय म्हणणं? पुना माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, गुरुजी आपली बाजू घेतील. मी म्हणालो, "पुनाला दशांशाचा सराव नाही, भाऊ."

पुना एवढंच बोलला, "गुरजी, काचेत जे दिसलं तेच मी लिह्यलं. माह्या मनचं त्यात काहीच नाही." मग खिशातून पेटीची किल्ली काढून त्यानं टेबलावर ठेवली, कुणी मागायच्या आधी. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला आणि नशिराबादची पेटी घेऊन गेला. नंतर कुणीतरी मला सांगितलं की महिनाभर पुना पाच वाजले की सवयीनं पटांगणात जाऊन त्या चार खड्ड्यांपाशी उभा राहायचा. मी ते ऐकलं आणि वर्गात जाऊन फळ्यावर कविता लिहिली.

आता तुला धुळ्याबद्दल सांगतो. तू रोज त्या गावात वावरतेस, पण माझं धुळं वेगळं आहे. पाचव्या गल्लीत एक वाचनालय होतं, वर लाकडी जिन्याचा हॉल. तिथे शिक्षकांसाठी कवितावाचनाचं शिबिर होतं, चार दिवसांचं. पाठ्यपुस्तकातल्या कवितांना चाली लावायच्या आणि त्या म्हणायला शिकायचं. रतिलाल मास्तर पेटीवर बसायचे, हार्मोनियमच्या. दुसऱ्या दिवशी मी पाचवीची एक कविता म्हटली आणि हॉलनं ती पुन्हा म्हणायला लावली. डिंपल, मी खेड्यातला मास्तर, मला आयुष्यात कुणी काही पुन्हा म्हणायला लावलं नव्हतं. शिबिर संपलं, लोक गेले, आम्ही सात-आठ जण राहिलो. सकाळी नऊला जिना चढायचा. दुपारी पांझरा नदीकडून गरम वारा यायचा, खिडक्यांना ओली पोती लावलेली, आणि आम्ही एका ओळीला तीन तीन चाली लावून बघतोय, भांडतोय, हसतोय. तुझे वडील तेव्हा पाचवीत. आजीनं गावाहून दोन पत्रं टाकली, मी एकाचं उत्तर दिलं. त्याहून सुखाचे दिवस मला आठवत नाहीत. हे लिहितानासुद्धा ती चाल कानात आहे आणि त्याचीच आज लाज वाटतेय.

एक मे ते दहा जून. चौऱ्याण्णव साल. एकेचाळीस दिवस मी धुळ्यात होतो, डिंपल, आणि शाळेतल्या पेटीची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. पेटी कुणी उघडलीच नाही. गावी परतलो त्या दुपारी निळी वही घेऊन ओसरीवर बसलो आणि एकेचाळीस आकडे मनानं लिहिले. खोटं लिहितोय असंही तेव्हा वाटलं नाही, कारण डोक्यात छंद घोळत होता. आठ दिवसांचा चरण पाडला, आठव्या दिवशी आवाज खाली येतो तसा पारा उतरवला, पुढच्या चरणात पुन्हा चढवला. तुला रविवारी जे सुरेख दिसलं ते ऊन नव्हतं, ती माझी चाल होती. तुझं यंत्र इमानदार आहे, त्यानं जुळणारं ते खरं धरलं, मीही बैठकीत तेच केलं होतं. फरक एवढाच की यंत्राला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. म्हणून हे पत्र. शनिवारची वाट बघू नकोस. हे वाचलंस की काम थांबव, माझे ते एकेचाळीस दिवस काढून टाक, नशिराबादच्या अकरा वर्षांना लावलेलं वजा अडीच पुसून टाक, आणि मग पुन्हा रांगेत लाव. सोमवारचा अहवाल चुकेल, पुन्हा नंबर लागायला किती दिवस जातील ते तुलाच ठाऊक, वरचे लोक तुला बोलतील. त्यांना माझं नाव सांग, पूर्ण नाव, शाळेसकट. पुना अजून आहे, नशिराबादलाच, दिसायला कमी झालंय म्हणतात. उद्या सकाळच्या गाडीनं मी त्याच्याकडे जातोय. काय बोलायचं ते ठरलेलं नाही, आजीलाही अजून सांगितलेलं नाही, हे पाकीट बंद केलं की सांगेन. तू विचारशील की एकोणीस मेला खरंच सत्तेचाळीस पूर्णांक चार होतं का. मला माहीत नाही, बेटा. मी तिथे नव्हतो. पुना होता.

रागावलीस तरी तुझाच,
आबा