हिरवा रेनकोट

शुक्रवार, संध्याकाळचे सात. सांगली.

रविवारच्या धबधब्याचं सगळं ठरलं. साताऱ्यापर्यंत पहाटेची एसटी, पुढे जीप, मग दोन तासांची चढण आणि मध्ये एक ओढा. वाट दाखवायला तिथल्या गावातले बापू येणार आहेत, फौजेतून रिटायर झालेले. दुपारी त्यांना फोन केला, तर वाटेचं काही बोलायच्या आधी म्हणाले, "ताई, रेनकोट कुठल्या रंगाचं हायत?"

मला वाटलं, फोटोंसाठी विचारतायत.

"हिरवा आणू नका. हिरव्यातलं माणूस लवकर गावत न्हाई."

सापडत नाही म्हणजे? विचारलं, तर म्हणाले, "जेवणाला पिठलं-भाकरी चालंल न्हवं?"

महेशचा रेनकोट हिरवा आहे. त्याला सांगितलं, तर हसला. उद्या पिवळा घेऊन येते म्हटलं, तर म्हणाला, "नवऱ्याला शाळेत धाडतेयस का?" भांडणारच होते. पण ही सहल माझाच हट्ट, तीन महिने मीच मागे लागले होते.

मघाशी बापूंचा परत फोन. "हिरवा कुणाचा न्हाई न्हवं?"

मी नाही म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी नेलं नसतं, म्हणून? त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले.

आत्ता बाल्कनीत कपडे काढायला गेले, तर दोरीवर महेशचा रेनकोट दिसेना. वाऱ्यानं पडला असेल म्हणून खाली वाकून बघितलं. तो दोरीवरच होता, मागच्या शेवग्याच्या पाल्यात मिसळून गेलेला. हात लागला तेव्हा सापडला.