इंदुआत्यांना जिवंतपणी हार घातल्याची हकीगत

अंबरनाथ,
ता. ११ नोव्हेंबर १९५६

ती. स्व. दिनानाथदादांना शशिकांतचा शि. सा. नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा दमा थंडीत उचल खातो, त्यांना म्हणावं पहाटे अंगणात जाऊ नका. माझी प्रकृती उत्तम आहे (स्वतःच्या हातचं जेवूनही). बदलापूरहून तुमच्या इंदुआत्यांचं कार्ड पोचलं असेलच, आणि मी त्यांना जिवंतपणी हार घातला असं त्यात असेल. तसं झालंय खरं. पण कसं झालं ते माझ्याकडून ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

वृंदाचं वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं आणि घरात तिचा एकही फोटो नाही. कॅमेरावाल्याच्या घरात! हा कॅमेरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या टेकचंदकडून घेतलेला. त्याच्या एका छोट्या खिडकीतून बघायचं; एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात, ती एकमेकांवर बसली की समजायचं फोकस झाला. माणसं काढायला झकास यंत्र. पण मला माणसं कुठे काढायची होती? मला बदलापूरच्या नदीवरचा खंड्या हवा होता. म्हणून टेकचंदकडूनच जुन्या लष्करी दुर्बिणीचा अर्धा भाग आणून (उरलेला अर्धा कोणी नेला देव जाणे) भिंगापुढे बसवला. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला आपल्या नाकावर काय चढवलंय याचा पत्ताच नाही. खिडकी आपलं जुनंच अंतर सांगत राहिली. तीन वर्षांत मी खंड्या उडून गेलेल्या फांद्यांचे शंभरावर फोटो काढले, तेही पुसट. वृंदा शेजारी डबा घेऊन बसायची. दर वेळी म्हणायचो, रोलमधला शेवटचा फोटो तुझा. आणि दर वेळी नेमका शेवटच्या फोटोला खंड्या यायचा. हातभर अंतरावर बायको, आणि मी गाढव दुर्बीण लावून पलीकडच्या काठावर बघतोय. याची मला रोज लाज वाटते, दादा.

शेवटी ट्रंकेत तुमच्या बाळच्या मुंजीतला ग्रुप फोटो सापडला. मागच्या रांगेत वृंदा, चेहरा मसुराच्या दाण्याएवढा. म्हटलं, याचाच जवळून फोटो काढू. भिंग कॅमेऱ्यापासून जितकं पुढे सरकवावं तितकं जवळचं मोठं येतं, म्हणून कॅम्पातल्या एका मिस्त्रीकडून मध्ये बसवायला पितळी नळी कातून घेतली. हिशेब कागदावर रीतसर मांडला (ड्राफ्ट्समन आहे मी, रेघ मारल्याशिवाय पाणीही पीत नाही). कॅमेरा स्टुलावर, ग्रुप फोटो पाटावर टेकवलेला, अंतर दोऱ्याने मोजलेलं. खिडकीतून वृंदाला बरोबर मधोमध घेतलं आणि बटण दाबलं. एकच गोष्ट विसरलो. खिडकी असते भिंगाच्या वर, दोन बोटं डावीकडे. वीस फुटांवर दोन बोटांनी काय बिघडतं? वीतभर अंतरावर मात्र माणूसच बदलतं. मी वृंदाकडे बघत होतो आणि भिंग बघत होतं खाली उजवीकडे खुर्चीत बसलेल्या इंदुआत्यांकडे.

निगेटिव्ह तरी बघायची होतीस, असं म्हणाल. बघितली की! निगेटिव्हमध्ये सगळ्याच बायका काळ्या तोंडाच्या आणि पांढऱ्या केसांच्या. दिली तशीच स्टुडिओत.

स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करून, फ्रेम घालून, मी कारखान्यात असताना घरी पोचवला. किल्ली शेजारच्या बनूबाईंकडे असते. त्या सहा महिन्यांपूर्वीच इथे राहायला आल्या, वृंदाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. एकटा माणूस, हा कधी लावणार, असं म्हणून त्यांनी (बाई फार मायाळू) खिळा ठोकला, फोटो टांगला, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि उदबत्ती लावली. तेवढ्यात श्राद्धासाठी नवे तांदूळ घेऊन आत्या दारात. मुंजीनंतर त्यांचे पुढचे दात गेले, त्यामुळे बनूबाईंना ओळख पटायचं काही कारण नव्हतं. मी घरी आलो तेव्हा आत्या स्वतःच्या फोटोखाली मटकन बसलेल्या, आणि बनूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत सांगताहेत, "फार सोज्वळ होत्या हो. चेहऱ्यावरूनच कळतं."

मला बघून आत्या एवढंच म्हणाल्या, "शशिकांता, मी कधी गेले रे?"

पुढचा तासभर त्या जे बोलल्या ते कार्डावर मावलं नसणार. मग चहा घेतला, फोटो हातात धरून लांबून बघितला, "आला मात्र चांगला हो मेला," म्हणाल्या, आणि हार काढून ठेवून फ्रेम पिशवीत घालून बदलापूरला घेऊन गेल्या. भिंतीवर खिळा राहिला. मी तेव्हा खूप हसलो. बनूबाई गेल्यावर हसायला दुसरं कोणी नव्हतं, मग थांबलो.

नंतर मी डोकं लढवून भिंगापुढे तारेची एक चौकट बसवली. चौकटीत जे येईल तेच फोटोत येतं, खिडकीत बघायचं कामच नाही. पुन्हा काढला. या खेपेला वृंदाचा फोटो बरोबर आला आहे, तेव्हा काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, बाळला आशीर्वाद.

आपला,
शशिकांत

ता. क. फोटो बरोबर आला असं वर लिहिलंय ते वहिनी पत्र मोठ्याने वाचतात म्हणून. फोटो वृंदाचाच आला, पण मुंजीत ऐन वेळी ती हलली होती. मसुराएवढी होती तोवर ते कळत नव्हतं. मोठी केल्यावर पदर दिसतो, कुड्या दिसतात, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा. आता याला कुठलीही नळी लावून उपयोग नाही. आणि दादा, हल्ली मला तिचं नाक आठवलं तर हनुवटी आठवत नाही.

ता. क. २. श्राद्धाला येणारच आहात, तर चार दिवस आधी या. फोटोबिटो काही काढत नाही. समोर पाटावर बसून नुसतं जेवा. तुम्ही आणि वृंदा, दोघं भावंडं एका तोंडवळ्याची, असं सगळेच म्हणायचे. माझं मेलं कधी लक्षच गेलं नाही. आता तुमचे वडील नाहीत, त्यामुळे कोणी नाव ठेवणार नाही, म्हणून विचारतो. जमलं तर येताना मिशी काढून या.